फ्लॉरेन्सचे फेरागामो संग्रहालय: दार न चुकता, दिवस न चुकता कसे पाहावे

इटालियन पादत्राणकार साल्व्हातोरे फेरागामो यांच्या जोड्यांचे संग्रहालय शोधत आलेले बरेच जण आधी त्यांच्याच नावाच्या दुकानात शिरतात. इमारत एकच, नाव एकच, आणि व्हिया तोर्नाबुओनी या रस्त्यावरचे दुकानाचे दार इतके ठळक की दुसरे दार शोधावे असे वाटतच नाही. आत पर्सच्या किमती दिसतात, विक्रेता अदबीने पुढे येतो, आणि 'हेच का ते' म्हणत मंडळी नदीकडे निघून जातात. संग्रहालय त्या वेळी त्यांच्या पायाखाली असते. ते पलात्सो स्पिनी फेरोनी या जुन्या वाड्याच्या तळघरात आहे.

पाहायला साधारण दीड तास लागतो, तयारीला त्याहून कमी. तरी क्रम चुकला की दीड तासाचा अर्धा तास होतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

## १. निघण्याआधी: सध्या काय मांडले आहे ते बघा

हे संग्रहालय कायम एकाच मांडणीचे नाही. इथे विषय घेऊन प्रदर्शने भरतात, ती महिनोन् महिने चालतात, मग उतरवली जातात आणि नवी लागतात. मधल्या काळात दालने बंद असू शकतात. शहरात पोहोचून बंद दार बघण्याची वेळ बहुधा यामुळेच येते.

संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर तीन गोष्टी बघा: चालू प्रदर्शनाचा विषय, त्याची शेवटची तारीख, आणि पुढच्या प्रदर्शनाची सुरुवात. तारखा आपल्यासारख्याच दिवस-महिना-वर्ष अशा लिहितात, त्यात घोटाळा होत नाही. तुमची तारीख दोन प्रदर्शनांच्या मधल्या फटीत पडत असेल तर ईमेल करून विचारा. अंदाजावर जाऊ नका.

सावध: एखादा ठरावीक जोड बघायचाच, असे ठरवून जाऊ नका. संग्रहात दहा हजारांहून अधिक पादत्राणे आहेत. एका वेळी त्यातला थोडाच भाग बाहेर असतो, आणि नावाजलेले जोड इतर संग्रहालयांना उसनेही दिले जातात. १९३८ ची इंद्रधनुषी सँडल पोस्टरवर दिसली म्हणून काचेमागे असेलच असे नाही.

## २. दिवस आणि वेळ ठरवा

एरवी संग्रहालय आठवड्याचे सातही दिवस सकाळी १०.३० ते संध्याकाळी ७.३० उघडे असते. १ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २५ डिसेंबरला बंद. आपण १५ ऑगस्टला जोडून सुट्टी काढतो, आणि इटलीत नेमका तोच 'फेर्रागोस्तो'चा सण असतो. त्या दिवशी शहरातली बरीच दुकाने आणि खानावळीही बंद असतात.

सर्वांत सोयीचा वार सोमवार. उफित्सी आणि आकादेमिया ही दोन मोठी सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे सहलीच्या आखणीत सोमवार मोकळा सापडतो. तो इथे लावा. महिन्याच्या पहिल्या रविवारची मोफत प्रवेशाची सवलत सरकारी संग्रहालयांसाठी असते. हे खासगी आहे, त्या भरवशावर रविवार निवडू नका.

दिवसातली वेळ निवडताना समोरच्या सांता त्रिनिता चर्चचाही विचार करा. ते का बघायचे ते पाचव्या टप्प्यात येईल. चर्च दुपारी बंद होते आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडते. म्हणून दुपारी चारला चर्च, साडेचारला संग्रहालय, सहा-सव्वासहाला बाहेर, हा क्रम चांगला बसतो. सकाळी जायचे असेल तर आधी चर्च उरका, साडेदहाला संग्रहालयात शिरा.

तपासा: वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहिलेली असते, १९.३० म्हणजे साडेसात. भारतातून ऑनलाइन वेळ घेत असाल तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इटली आपल्या साडेतीन तास मागे असते, उरलेल्या काळात साडेचार तास. संकेतस्थळावर 'उल्तीमो इंग्रेस्सो' असे लिहिलेले शोधा. तो शेवटचा प्रवेश, आणि तो बंद होण्याच्या वेळेआधीच संपतो.

## ३. तिकीट

तिकीट दहा युरोच्या आसपास असते. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे '१०,००' म्हणजे दहा युरो. हजार समजून दचकणारेही आहेत.

तिकीट घेताना तीन शब्द पुरतात. 'इंतेरो' म्हणजे पूर्ण दराचे, 'रिदोत्तो' म्हणजे सवलतीचे, 'ग्रातुइतो' म्हणजे मोफत. सवलत वयावर किंवा विद्यार्थी असण्यावर मिळते आणि पुरावा तिथल्या तिथे मागतात. आधार कार्ड दाखवण्यात अर्थ नाही. वयासाठी पासपोर्ट, विद्यार्थ्यांनी कॉलेजचे रोमन लिपीतले ओळखपत्र किंवा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्ड न्यावे. फॅशन किंवा पादत्राणांच्या डिझाइनचे शिक्षण घेणाऱ्यांनी गटाने जायचे असेल तर कॉलेजच्या पत्रासह आधीच लिहावे.

ऑनलाइन तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतल्यावर वर दिसणारी बरीच संकेतस्थळे मध्यस्थांची असतात आणि त्याच तिकिटावर आपले शुल्क चढवतात. या संग्रहालयासाठी उफित्सीसारख्या रांगा नसतात. 'रांग टाळा' म्हणून जास्त पैसे घेणारे तिकीट इथे निव्वळ वाया. फिरेंझेकार्ड हे ८५ युरोंचे ७२ तासांचे कार्ड तीन दिवसांत सहा-सात मोठी संग्रहालये करणाऱ्यांनाच परवडते, आणि घेण्यापूर्वी त्या वर्षीच्या यादीत कोणकोणती संग्रहालये आहेत ते वाचावे लागते.

## ४. योग्य दारापर्यंत पोहोचा

रेल्वेच्या फलकावर 'फ्लॉरेन्स' शोधू नका, शहराचे इटालियन नाव फिरेंझे. स्थानकेही एकाहून अधिक आहेत. तुम्हाला 'फिरेंझे सांता मारिया नोव्हेल्ला' हवे. रिफ्रेदी किंवा काम्पो दी मार्तेला उतरलात तर पुन्हा गाडी धरावी लागेल. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवा. तिकीट खिशात असूनही दंड बसतो तो यामुळे. पेरेतोला विमानतळावरून ट्राम टी२ वीसेक मिनिटांत स्थानकाजवळ आणते.

स्थानकापासून पुढे पायीच जा. अंतर किलोमीटरभर, चौदा-पंधरा मिनिटे:

१. स्थानकाच्या समोरून व्हिया पान्झानी धरा. ती पुढे व्हिया चेर्रेतानीला मिळते.
२. तिथून उजवीकडे व्हिया रोंदिनेल्ली, मग तशीच सरळ व्हिया तोर्नाबुओनी.
३. डाव्या हाताला खडबडीत दगडांचा एक अवाढव्य वाडा लागेल. तो पलात्सो स्त्रोत्सी. तिथेही प्रदर्शने भरतात, रांग दिसते, आणि 'जुना वाडा, प्रदर्शन, म्हणजे हेच' म्हणून लोक तिथले तिकीट काढून बसतात. थांबू नका.
४. नदीच्या दिशेने चालत राहा. रस्ता रुंदावून चौक होईल, मधोमध ग्रॅनाइटचा उंच स्तंभ आणि टोकावर तराजू घेतलेली न्यायदेवता दिसेल. हा पियात्सा सांता त्रिनिता. डावीकडचा, माथ्यावर किल्ल्यासारख्या कंगोऱ्यांचा वाडा म्हणजे पलात्सो स्पिनी फेरोनी. उजवीकडे चर्च.

आता दार. पत्ता आहे पियात्सा सांता त्रिनिता, ५ आर. या 'आर'कडे दुर्लक्ष केले की फसगत ठरलेली. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन स्वतंत्र मालिका चालतात. दुकाने आणि व्यवसायांचे क्रमांक लाल, त्यांच्यापुढे 'आर', म्हणजे 'रोस्सो'. राहत्या घरांचे क्रमांक निळे किंवा काळे. साधा ५ आणि लाल ५ शेजारी असतीलच असे नाही, कधी दोघांत बरेच अंतर पडते. नकाशावर नुसता '५' टाकला तर ॲप दुसऱ्याच दारासमोर उभे करते. क्रमांकाऐवजी संग्रहालयाचे नाव टाका, आणि तोर्नाबुओनीच्या बाजूला न थांबता चौकाच्या बाजूचे दार शोधा.

सावध: भाड्याची गाडी घेऊन इथवर येऊ नका. शहराचा मध्यभाग मर्यादित वाहतुकीचा आहे. कॅमेरे क्रमांक टिपतात, आणि दंडाची सूचना भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते, वर कंपनीचे शुल्क वेगळे.

तपासा: दारातून आत गेल्यावर पर्सची कपाटे दिसली तर तुम्ही दुकानात आहात. बाहेर या, कोपरा वळा.

## ५. आत जाण्याआधी वीस मिनिटे बाहेर

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. गाळू नका. संग्रहालय तळघरात असल्यामुळे आत गेल्यावर वाडा दिसत नाही, आणि वरचे मजले प्रेक्षकांना खुले नसतात. तिकिटात 'राजवाडा' बघायला मिळेल असे समजून गेलेल्यांची निराशा होते. जी इमारत बघायची ती बाहेरूनच.

चौकाच्या मध्याशी उभे राहून वर बघा. कापड आणि सावकारीच्या धंद्यातल्या स्पिनी घराण्यासाठी १२८९ पासून हा वाडा बांधला गेला. बाजूला नदी आणि पूल, म्हणजे मोक्याची जागा, म्हणून तो घरापेक्षा गढीसारखा. साल्व्हातोरे फेरागामो यांनी १९३८ मध्ये तो विकत घेतला. एवढे पुरे, बाकीचे आत फलकांवर आहे.

मग समोरच्या सांता त्रिनिता चर्चमध्ये जा. मुख्य वेदीच्या उजवीकडे सास्सेत्ती चॅपल आहे, त्यातली भित्तिचित्रे चित्रकार गिर्लांदायोने १४८० च्या दशकात रंगवली. वेदीवरच्या चित्राच्या लगेच वर बघा: खाली पडलेला एक मुलगा पुन्हा जिवंत होऊन उठून बसला आहे, भोवती गर्दी. त्या गर्दीच्या मागे जो चौक आहे तो हाच, आत्ता तुम्ही ओलांडला तो. आणि डावीकडचा वाडा म्हणजे पलात्सो स्पिनी. पाचशे वर्षांपूर्वीचे हे चित्र बघून बाहेर आलात की समोरची इमारत ओळखीची वाटते.

प्रवेश मोफत आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. जवळ सुटी नाणी ठेवा, इटलीतल्या चर्चमध्ये चित्रांवरचा दिवा अनेकदा नाणे टाकल्यावरच लागतो. प्रार्थना चालू असेल तर फिरू नका, थांबा.

## ६. आत शिरल्यावर

मोठी सॅक, छत्री आणि हातातली पाण्याची बाटली आधी 'ग्वार्दारोबा'त म्हणजे सामान ठेवण्याच्या जागी द्या. सामानाच्या मोठ्या बॅगा घेऊन इथे येऊच नका, त्या स्थानकावर ठेवून या. व्हीलचेअर असेल किंवा पायऱ्या जमत नसतील तर भेटीच्या काही दिवस आधी ईमेल करून व्यवस्था विचारा.

खाली उतरल्यावर पहिली तक्रार असते ती अंधाराची. तो मुद्दाम ठेवलेला असतो. रंगवलेले कातडे, रेशीम, गवताचे विणकाम उजेडाने कायमचे फिके पडते आणि ठिसूळ होते, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतकाच प्रकाश ठेवण्याचा संग्रहालयांचा शिरस्ता आहे. पहिल्या दालनात तीन-चार मिनिटे नुसते उभे राहा. डोळे सरावले की रंग दिसू लागतात. बहुतेक लोक बाहेरच्या उन्हातून येऊन ही पहिलीच दालने भरभर ओलांडतात आणि शेवटाला पोहोचल्यावर 'आता दिसतंय' म्हणतात.

तळघरातच 'बेआत्रिचेची विहीर' म्हणून ओळखली जाणारी मध्ययुगीन विहीर आहे. इमारतीचे वय आतून जाणवते ते तिथेच. दोन मिनिटे द्या.

## ७. जोडा कसा बघायचा

संपूर्ण भेटीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा. जोडा समोरून बघू नका. दुकानाच्या सवयीने आपण नेमके तेच करतो आणि दिसतो फक्त रंग. काचेच्या कडेला जा, थोडे वाका, बाजूने बघा.

आधी कमान. टाच आणि चवडा यांच्या मधला, जमिनीला न टेकणारा भाग. अमेरिकेत असताना फेरागामोने शरीररचनेचा अभ्यास केला आणि शरीराचा भार पायाच्या कमानीवर येतो हे धरून तिथे आधार देण्यासाठी तळव्यात पोलादी पट्टी घातली. उंच टाचेची सँडल मधोमध वाकत नाही ती या पट्टीमुळे. पट्टी दिसत नाही, पण तो भाग किती पातळ ठेवता आला आहे त्यावरून ती आत आहे हे कळते.

मग टाच. सलग भरीव टाच दिसली, चवड्यापासून मागपर्यंत पाचरीसारखी चढत गेलेली, तर लेबलवर 'त्सेप्पा' आणि 'सूगेरो' हे शब्द शोधा, म्हणजे पाचर आणि बूच. ही लहर नव्हती. इथिओपियावरच्या आक्रमणानंतर इटलीवर निर्बंध आले, चांगले पोलाद मिळेना, हलक्या पोलादाच्या पट्ट्या मोडू लागल्या. तेव्हा पट्टीच नको म्हणून त्याने टाच आणि चवडा यांच्यातली पोकळीच बुचाने भरून काढली. आज फूटपाथवर मिळणारी वेज चप्पल त्याच अडचणीतून आली. काचेमागच्या पाचरीत बुचाचे थर जोडल्याच्या आडव्या रेषा दिसतात का बघा. कातड्याने मढवलेली असेल तर कड तपासा.

नंतर वरचा भाग. लेबलवर याला 'तोमाया' म्हणतात. इथे कातडे सोडून काय काय वापरले आहे ते मोजा: राफिया म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचा धागा, लेस, चॉकलेटच्या वेष्टनासारखा सेलोफेन. युद्धकाळात कातडे दुर्मिळ झाले त्याची ही खूण. श्रीमंती नखरा समजून पुढे जाऊ नका, साल वाचा. १९४७ ची 'अदृश्य' सँडल मांडलेली असेल तर तिच्या पट्ट्या मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याच्या आहेत. पाऊल उघडेच दिसावे ही कल्पना. ती बघताना अगदी काचेला डोळा लावावा लागतो, अर्थात काचेला हात न लावता.

शेवटी फर्मे. लाकडी साचे, ज्यावर जोडा ओढून शिवतात. कोल्हापुरीच्या कारागिरांमध्ये वावरलेल्यांना 'फर्मा' शब्द सांगायला नको. इटालियनमध्ये 'फोर्मा'. प्रसिद्ध गिऱ्हाइकांच्या पायांचे फर्मे इथे नावांसह जपले आहेत. पाय काळानुसार बदलला की नवा फर्मा न करता जुन्यावरच कातड्याच्या चकत्या चिकटवून तो भरून काढत. त्या चकत्या शोधा.

मराठी वाचकाने एक नाव लेबलांवर जरूर हुडकावे: कूचबिहारची महाराणी. म्हणजे इंदिरादेवी, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड तिसऱ्यांची कन्या. त्यांनी फेरागामोकडून पादत्राणे करवून घेतली, आणि सजावटीसाठी आपल्या संग्रहातली रत्ने आणि मोती पाठवले. लेबलवर 'महारानी दी कूच बेहार' असे काही दिसले तर ती आपल्या गायकवाडांची लेक आहे हे विसरू नका.

लेबलवरचे आणखी काही शब्द: 'ताक्को' टाच, 'काप्रेत्तो' शेळीचे मऊ कातडे, 'कामोशो' स्वेड, 'प्रोतोतीपो' नमुना जोड. हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. तळघरात नेटवर्क मिळेलच असे नाही, भाषांतराचे ॲप ऑफलाइन शब्दकोशासह आधीच उतरवून घ्या.

## ८. फोटो आणि नोंदी

फ्लॅश कुठेच नाही. बाकी परवानगी प्रदर्शनागणिक बदलते, कारण उसन्या आणलेल्या वस्तूंवर मालकांच्या अटी असतात. म्हणून दाराशी विचारा. अंधारात फोटो हलतात, तेव्हा मोबाइल छातीशी टेकवा आणि श्वास रोखून एकच फोटो घ्या. आधी लेबलचा फोटो, मग वस्तूचा, याच क्रमाने. उलटा क्रम ठेवला तर घरी आल्यावर कोणते लेबल कोणत्या जोड्याचे ते कळत नाही. रेखाटने करायची असतील तर पेन्सिल न्या, शाईचे पेन नको.

दोनच तास असतील तर: ग्रुप टूरवाले बहुधा पियात्सा देल्ला सिन्योरियात सोडतात. तिथून इथे चालत दहा मिनिटे. सिन्योरियाच्या त्या चौकातच गुच्चीचीही एक जुनी वास्तू आहे, नावावरून तिकडे वळू नका. चर्च वगळा, बाहेरून वाडा पाच मिनिटे, संग्रहालय एक तास, परतीला पंधरा मिनिटे. उरलेला वेळ रस्ता चुकण्यासाठी राखून ठेवा.

## ९. बाहेर पडताना काही विकत घेतले तर

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना इटलीत एका दुकानातून एका बिलावर ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी केल्यास कराचा काही भाग परत मिळतो. मूळ कर २२ टक्के असला तरी मध्यस्थ कंपनीचे शुल्क वजा होते, हातात त्याहून बरेच कमी येते. तिकिटाच्या पैशांवर हा परतावा नाही.

पैसे देण्यापूर्वीच पासपोर्ट दाखवून 'टॅक्स फ्री' अर्ज मागा, बिल फाडल्यावर दुकानदार सहसा नाही म्हणतो. वस्तू वापरू नका. नवे जोडे पायात घालून विमानतळावर गेलात तर परतावा नाकारला जाऊ शकतो.

विमानतळावर सर्वांत जास्त गोंधळ होतो तो जागेचा. कस्टमची नोंद करायची ती युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर. रोमहून दोहा किंवा दुबईमार्गे मुंबईला जात असाल तर रोमलाच. पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे जात असाल तर तिथे, आणि मग वस्तू हातातल्या बॅगेत हवी. मोठ्या बॅगेत ठेवली असेल तर बॅग चेक-इनच्या पट्ट्यावर टाकण्यापूर्वी कस्टमच्या खिडकीशी जा, नोंद झाल्यावरच टाका.